एका कपापुरता रॉड

९ जानेवारी

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलं नाही. फोन केला की तुझी मीटिंग असते, नाहीतर आवाज तुटतो, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच "ताई, नंतर बोलतो" म्हणता येत नाही.

आईने पाणी पिणं सोडलंय. म्हणजे दिवसभरात कसाबसा अर्धा पेला जातो. डॉक्टर म्हणाले, घसा आकसलाय, गार पाणी गिळवत नाही, कोमट द्या, घोटघोट द्या, नाहीतर सलाईनसाठी ॲडमिट करावं लागेल. कोमट द्या म्हणे! जसं काही मला ते सुचलंच नव्हतं. स्वयंपाकघरात गरम करून कप आत नेला, तर ती आधी कपाकडे बघते, मग माझ्याकडे, आणि विचारते, "यात काय कालवलंस?" तिच्या डोळ्यांसमोर गरम केलं तरच ते पाणी. खोलीत शेगडी नेता येत नाही, ती कशालाही हात घालते. म्हणून परवा पाणी तापवायचा रॉड घेऊन गेले. भिंतीतल्या सॉकेटशी नुसती वाकले, तर तिने अशी किंकाळी फोडली की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. "बापाला मारलंस, आता मला मारायला निघालीस!"

हे ती रागाने बोलली नाही, तिला खरंच तसं आठवतं. नीट समजून घे. अकरा वर्षं तिला खरं माहीत होतं आणि ती जगाला खोटं सांगत होती. आता डोकं उतरणीला लागलं, त्यात खरं तेवढं पुसलं गेलं आणि खोटं राहिलं. बाबा बादलीतल्या पाण्याचा शॉक बसून गेले ते कोणामुळे, हे माहीत असलेली माणसं तीन होती. त्यातली एक गेली म्हण. राहिलो तू आणि मी.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. तिला फोन कर आणि सांग, "आई, त्या दिवशी प्लग ताईने नाही, मी उघडला होता." एवढंच एक वाक्य. नातेवाईकांना सांगू नकोस, बायकोला सांगू नकोस, मला त्यातलं काही नको. तिने माझ्या हातचं पाणी प्यावं एवढंच हवंय.

तोपर्यंत मी बॅटरीवर चालणारा रॉड करायला घेतलाय. कपात मावेल एवढा, भिंतीला न लागणारा.

ताई


२४ जानेवारी

धाकट्या,

तुझं पार्सल मिळालं. धड पत्र नाही, फोन नाही, आणि खोक्यात काय, तर गाडीत लावायची किटली! वरचं चित्रही छान आहे, हसणारं कुटुंब गाडीत बसून काहीतरी गरम पितंय. तिची वायर गाडीच्या सॉकेटमध्ये जाते. आता आईच्या खाटेला स्टिअरिंग बसवू का? बरं, किटली लिटरभराची. ती लिटरभर पाणी तापवेपर्यंत आई विसरते की आपण कशाची वाट बघतोय, मग मी कोण हेही विसरते, आणि आठवतं तेव्हा नको तेवढंच आठवतं.

खोक्यात तुझी चिठ्ठी होती, ती वाचली. "चांगल्या ठिकाणी ठेवू या तिला, तिथे प्रशिक्षित लोक असतात." उंटावरून शेळ्या हाकायला तू पहिल्यापासून हुशार. त्या एका वाक्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. शोधशोध शोधलं मी, चिठ्ठीच्या मागेही बघितलं.

असो. रॉडचं सांगते, कारण ते सांगायला मला दुसरं कोणी नाही. सकाळी दोन तास आईचं करायला मावशी येतात, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अहो, थर्मास आणा की." त्यांच्या हातूनही एकदा थर्मास देऊन बघितला. आईने तो उघडून वास घेतला आणि खिडकीबाहेर ओतला.

बॅटरी मी बंद पडलेल्या यूपीएसमधली घेतली, बारा व्होल्टची, सात अँपिअरची. तार जुन्या टोस्टरमधली. पहिल्यांदा घाबरत घाबरत लांब तार घेतली, कप कोमट व्हायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्यांदा चिडून आखूड घेतली, तर पाण्यात बुडवायच्या आधीच लाल झाली आणि टेबलाला डाग पडला. बाबा असते तर म्हणाले असते, "हिशोब आधी कर, शहाणपण नंतर." केला हिशोब. दोन-सव्वादोन ओहम तार हवी, म्हणजे पाच-साडेपाच अँपिअर, साठ वॅटच्या आसपास. कपभर पाणी पाच-सहा मिनिटांत कोमट. एका चार्जिंगमध्ये आठ कप. तुझ्यासारखी डिग्री नाही माझ्याकडे, चुकलं असेल तर कळव. निदान त्याला तरी उत्तर देशील.

उघडी तार पाण्यात घातली तर पाण्याला धातूची चव येते. मी पिऊन बघितलं. आई तर लगेच म्हणेल, विष घातलं. म्हणून तार चिनी मातीच्या मण्यांत ओवून पातळ स्टीलच्या नळीत घालायची, वरून करंट अडवणारी पांढरी पावडर ठासायची, तोंड बंद करायचं. बारीक काम आहे, आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात निवांत बसून करते. निवांतपणाला कमी नाही. लोक पंखे आणतात, मिक्सर आणतात, मोटारी आणतात वाइंडिंगला. पाण्याशी संबंध असलेली एकही वस्तू या अकरा वर्षांत माझ्या दुकानात आलेली नाही. ना गीझर, ना पंप, ना रॉड. तोंडावर कोणी काही बोलत नाही. नुसतं आणत नाहीत.

फोन कर.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

आलं एकदाचं उत्तर! दोन ओळींचा मेसेज, पण आला. "ताई, जुनं कशाला उकरून काढतेस? नक्की काय झालं ते कोणालाच माहीत नाही."

कोणालाच माहीत नाही? बरं. मग मी सांगते, तू वाच, आणि काही चुकलं तर तिथे लाल रेघ मार.

तुझी परदेशी जायची तारीख आठ दिवसांवर आली होती. घरात खरेदी, बॅगा, वजनकाटा. न्हाणीघरात आपला दुकानचा रॉड होता, त्याची नळी तडकली होती आणि आत पाणी शिरलं होतं. लावला की फ्यूज उडायचा. दोनदा उडाला, म्हणून मी तो काढून माळ्याखालच्या फळीवर ठेवला, सोमवारी बघू म्हणून. करंट नळीत उतरत होता आणि अर्थिंगच्या तारेतून निघून जात होता, म्हणून फ्यूज उडत होता. तो उडत होता म्हणून आपण सगळे धडधाकट होतो. हे दुकानात झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं, आणि तू तर तेव्हा इंजिनिअर होऊन दोन वर्षं झालेला.

शनिवारी तुला गरम पाण्याने आंघोळ करायची होती. तू रॉड काढलास, लावलास, फ्यूज उडाला. तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून प्लग उघडलास, अर्थिंगची तार स्क्रूखालून सोडवलीस, दुमडलीस, टेप गुंडाळलीस आणि झाकण लावलंस. आई समोर बसली होती. फ्यूज उडायचा थांबला. तू पाणी तापवलंस, बटण बंद केलंस आणि मग बादलीला हात लावलास. नशीब तुझं. आणि रॉड तसाच खुंटीला लटकवून बाहेर गेलास.

मग बाबा गेले आंघोळीला. त्यांची सवय तुलाही माहीत आहे. चाळीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाची सवय. पाणी तापलं की नाही ते बटण चालू असतानाच बोट घालून बघायचं. आपण ओरडायचो, ते हसायचे. पण फ्यूज उडणाऱ्या रॉडला त्यांनी हात लावला नसता, एवढे ते वेडे नव्हते. त्यांनी रॉड लावला, फ्यूज उडाला नाही, आणि ते मला आतून ओरडून म्हणाले, "पोरी, केलास वाटतं दुरुस्त!" मी दुकानात निघायच्या घाईत होते. मला वाटलं ते मिक्सरबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "हो."

हे 'हो' मी अकरा वर्षं ऐकतेय.

दुपारी, सगळी माणसं बाहेरच्या खोलीत बसलेली असताना, मी आत जाऊन तो प्लग उघडला. टेप सोडली. तारेला पीळ दिलेला होता, तो उलटा. बाबा, मी, आपल्या दुकानात कामाला हात लावणारी सगळी माणसं उजव्या हाताने पीळ देतात, तार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळते. ती तार दुसरीकडे वळलेली होती. आपल्या घरात डावखुरा एकच, धाकट्या. मी तो प्लग हातात घेऊन उभी होते आणि मागे आई येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. तिने आधी दाराला कडी लावली.

"त्याची जायची तारीख आठ दिवसांवर आलीय," ती म्हणाली. "चौकशी लागली तर अडकेल. पोराचं आयुष्य जाईल. तुझं काय, तुला इथेच राहायचंय."

मला इथेच राहायचं होतं हे तिने ठरवलं, आणि तू बॅग भरलीस. चौकशीला माणूस आला, त्याला मी सांगितलं की प्लग मी उघडला होता, बसवताना चुकले. तू दाराशी उभा होतास. तू मान खाली घातलीस, आणि सगळ्यांना वाटलं पोर दुःखाने खचलंय.

यात कुठे लाल रेघ मारायची ते सांग.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. म्हणजे लाल रेघही नाही. ठीक आहे.

रॉड झाला. तिसऱ्या खेपेला जमला. बोटाएवढी नळी, वर लाकडी मूठ, मुठीवर एक खूण, तिच्यावर पाणी चढू द्यायचं नाही. किटलीत असतो तसा एक पत्र्याचा बटणासारखा स्विच लावलाय, पन्नास अंशाला आपोआप तुटतो, म्हणजे विसरलं तरी उकळणार नाही. बॅटरी एका डब्यात, डबा खाटेच्या खाली. बारा व्होल्ट. ओल्या हाताने दोन्ही टोकं धरली तरी काही होत नाही. मी आईसमोर धरून दाखवली. माझे दोन्ही हात पाण्यात बुडवले, मग टोकं धरली. ते बघून ती म्हणाली, "भिंतीला लागत नाही?" म्हटलं, "नाही." "मग ठीक."

सहा मिनिटं ती कपाकडे बघत बसली. कडेला बारीक बुडबुडे धरले तेव्हा तिचा चेहरा असा झाला की काय सांगू. महिनाभरात पहिल्यांदा मला वाटलं की चला, सुटलो.

मी कप पुढे केला. तिने तोंड फिरवलं. "तिला दे," म्हणाली. मावशी दाराशी होत्या. मावशींनी माझ्या हातातून कप घेतला, तिच्या ओठाला लावला, आणि ती घोटघोट करत पाऊण कप प्यायली. मावशींनाच कसंनुसं झालं. "अहो, केलं ताईंनीच आहे," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "करू दे. पाजू नको देऊस तिला."

मावशी दोनच तास असतात. उरलेले बावीस तास ती माझ्या हातचं काही घेत नाही. मी कप ठेवून खोलीबाहेर जाते, दाराच्या फटीतून बघते, ती हातही लावत नाही. डॉक्टरांनी काल तिची कातडी चिमटीत धरून सोडली, तरी घडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. म्हणाले, चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर ॲडमिट करा, आणि या वयात ॲडमिट केलेली माणसं परत घरी येतातच असं नाही.

म्हणजे माझा रॉड चालला आणि सगळं मुसळ केरात.

आता मी तुझ्याजवळ एक कबूल करते. करायचं नव्हतं. गेली तीन पत्रं मी ते गिळून टाकलं. बाबांचा नियम होता, निकामी ठरवलेल्या वस्तूची वायर तिथल्या तिथे कापून टाकायची, मग ती वस्तू फळीवर. म्हणजे चुकूनही कोणी लावणार नाही. मी त्या रॉडची वायर कापली नव्हती. आळस केला. सोमवारी दुरुस्त करायचाच आहे, मग कापून पुन्हा जोडा कशाला, असं वाटलं. दोन सेकंदांचं काम होतं, पक्कड हातात होती.

त्यामुळे ती मला म्हणते ते अगदीच खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पण माझा आळस माझा आणि तुझा प्लग तुझा. मी माझं सांगितलं. आता तू तुझं सांग. तिला सांग. ती काही आता तुला अडकवू शकत नाही, आणि दोन दिवसांनी विसरूनही जाईल. तुला याहून स्वस्तात कबुली द्यायला मिळणार नाही.

हवं तर व्हिडिओवर बोल. मावशींच्या पुतणीने माझ्या फोनमध्ये ते लावून दिलंय. सकाळी दहाला ती जरा शुद्धीत असते.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तू फोन केलास. म्हणजे तू केलास, हे मी आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना ते राहून जाईल. तुझे केस बरेच गेलेत. फोन मी तिच्या उशीला टेकवून ठेवला होता आणि बाजूला स्टुलावर कप, त्यात रॉड. तिने तुला लगेच ओळखलं. मला सकाळपासून दोनदा "बाई" म्हणाली होती.

तू सांगितलंस. नीट सांगितलंस, फाटे फोडले नाहीस. "आई, बाबांच्या वेळी तो प्लग मी उघडला होता. तार मी सोडवली होती. ताईने काही केलं नव्हतं." मी रॉडची मूठ धरून बसले होते. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही, पण वाटलं, चला, आता पाणी पिईल.

तुझ्याकडे बघता बघता आईचे डोळे भरून आले आणि ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदा माझ्याकडे, सरळ. म्हणाली,

"बघितलंस? बघ, केवढं मन आहे माझ्या बाळाचं. तू केलेलं स्वतःच्या अंगावर घेतोय."

मी तुझ्याकडे बघितलं. तूही ऐकलं होतंस. त्या वेळी आवाज तुटत नव्हता, धाकट्या, चित्रही अडकलं नव्हतं. तू तोंड उघडलंस आणि बंद केलंस. "नाही आई, खरंच मीच," एवढंच म्हणायचं होतंस. मग तू म्हणालास, "जाऊ दे आई. तिच्यावर रागावू नकोस."

रागावू नकोस!

मला फोन भिंतीवर आपटायचा होता. तू समोर असतास तर काय केलं असतं ते लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी दाराशी मान खाली घालून उभा होतास, तसाच दिसलास, तेवढेच खांदे पडलेले. इतकं खरं बोलून शेवटच्या घडीला नामानिराळा झालास. ते तुला ठरवावंही लागत नाही, आपोआप जमतं.

आणि ती म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर नाही रागावत." मग हात पुढे केला. माझ्याकडे. "दे," म्हणाली, "त्याने माफ केलंय तुला, तर मी कोण."

मी बोलू शकले असते. खरं सांगते, तोंडात शब्द आले होते. प्लग, टेप, उलटा पीळ, कडी लावलेलं दार, सगळं. कप तिच्या आणि माझ्या मध्ये होता. मी तिची मान उचलून धरली आणि कप लावला. ती पूर्ण प्यायली, थांबत थांबत. पाण्याचा एक थेंब हनुवटीवर आला, तो मी पुसला तरी काही बोलली नाही. दुपारी पुन्हा कपभर. संध्याकाळी पुन्हा. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी परत कातडी धरून बघितली, म्हणाले, काय केलंत, फरक आहे.

तिसऱ्या दिवशी ती विसरली. मी रॉड कपात घातला आणि ती म्हणाली, "तू पाजू नकोस, तू बापाला मारलंस." तुझी आठवण करून दिली, तू काय म्हणालास ते सांगितलं, तिचा विश्वास बसेना. तुझ्या तोंडून हवं तिला. त्या दिवशी फक्त मावशींच्या हातून पाऊण कप गेला.

म्हणून हे लिहितेय. खरं वगैरे राहू दे. त्याचा काही उपयोग नाही हे आपण दोघांनी बघितलं. रॉड चांगला चालतो, बॅटरी मी रोज दुकानात चार्ज करून आणते, तेवढं माझ्याकडे लागलं. तुझ्याकडे एवढंच, की रोज सकाळी दहाला फोन करत जा. तिला दिसेल असा बस, उजेडात. आणि ती ऐकेल अशा आवाजात मला माफ करत जा.

ताई